लाल पाणी आणि दगाजीआप्पा

आमच्या सोसायटीत हल्ली गरम पाण्याला रंग आला की लोक नवा गिझर घेतात. पाणी पिवळं आलं, नवा गिझर. काळं आलं, नवा गिझर. गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावर पाणी नुसतं दुधाळ आलं, तर तिथेही नवा गिझर बसला आणि दुसऱ्या दिवशी त्यातूनही तसंच दुधाळ पाणी आलं. जुना गिझर खाली उतरवताना मी जिन्यात उभा होतो. चांगला धडधाकट होता बिचारा. मला बोलता आलं असतं. पण गरम पाण्याविषयी बोलायचा हक्क मी स्वतःच्या तोंडाने घालवून बसलो आहे. तो कसा, हे जगात तीनच माणसांना ठाऊक आहे. मी, दगाजीआप्पा आणि त्यांची बायको. हे छापून आलं तर चौथी माझी बायको वृंदा, आणि मग माझं काही खरं नाही.

दगाजीआप्पा शिरपूरकडचे. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगखात्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. तिथून सुटल्यावर ते गिझर दुरुस्त करायला शिकले. राहायला डिंडोलीत. अंगाने किडकिडीत, मान जरा पुढे झुकलेली, आणि नखांच्या कडेला जांभळट रेघ. मिल सुटून दहा-बारा वर्षं झाली तरी ती रेघ सुटली नव्हती. आमच्या सोसायटीत गुजराती मंडळी त्यांना 'काका' म्हणत, आम्ही चार मराठी घरं 'आप्पा'.

दुसरे मेकॅनिक आले की स्टूल मागतात. आप्पा कप मागत. "तीन कप द्या. पांढरा पाह्यजे. कान तुटेल बी चाली." त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये कान तुटलेला कप कोणी टाकून देत नसे. एका कपात थंड नळाचं पाणी, दुसऱ्यात गरम नळाचं पहिलं, तिसऱ्यात अर्धी बादली सोडून दिल्यावरचं. तिन्ही कप खिडकीत ओळीने ठेवायचे आणि स्वतः बादली उपडी घालून त्यावर बसायचं. मग वैद्याने विचारावं तशी चौकशी सुरू. रंग सकाळीच येतो की दिवसभर? एकाच बाथरूममध्ये की दोन्हीकडे? वास येतो का? कसला? या सगळ्यात गिझरकडे ते बघतसुद्धा नसत. फोनवर कुणी विचारलं, "आप्पा, पाणी लाल येतंय, काय झालं असेल?" तर म्हणत, "फोनमा रंग दिसत नही," आणि फोन ठेवत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मानूस फिरी जास, पानी फिरत नही." माणूस शब्द फिरवतो, पाणी फिरवत नाही. मला तेव्हा ते वाक्य फार आवडायचं. मी ते शाळेत फळ्यावर सुविचार म्हणूनही लिहिलं होतं, आप्पांचं नाव न घालता.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. पुढे लाज वाटायला सोपं जाईल.

आमची पहिली भेट झाली ती पांढऱ्या पाण्यावरून. आम्ही नव्या फ्लॅटमध्ये आलो आणि गरम नळातून ताकासारखं पाणी आलं. मी लगेच शास्त्रज्ञ झालो. पाण्यात साबणाचा अंश आहे असा निष्कर्ष काढला आणि महानगरपालिकेला दोन पानी तक्रार लिहिली, वर 'विज्ञान शिक्षक' अशी सही केली. वृंदाने तेवढ्यात वॉचमनला सांगून आप्पांना बोलावलं. त्यांनी काचेचा ग्लास मागितला, भरला आणि ओट्यावर ठेवला.

"सर, गायत्री मंत्र येस का?"

"येतो. का?"

"म्हना तीन डाव."

मी मुकाट्याने म्हटला. तिसऱ्या आवर्तनापर्यंत ग्लासातलं पांढरं खालून वर चढत गेलं आणि पाणी आरशासारखं स्वच्छ झालं.

"हवा शे, सर. दाबमा गरम व्हयनं, हवा सुटनी. आते हवानी तक्रार कोनाकडे करशात?"

पत्र मी फाडून टाकलं. मंत्राची काही गरज नव्हती, मिनिटभर नुसतं थांबलो असतो तरी चाललं असतं, हे मला नंतर कळलं. विचारल्यावर आप्पा म्हणाले, "तुम्ही निस्ता थांबतात का?" एका भेटीत त्यांनी माझी पारख केली होती. शास्त्रज्ञ गडी आहे, हाताला काही काम दिलं नाही तर हा ग्लास हलवणार.

चौथ्या मजल्यावरच्या हंसाबेन एकट्या राहतात. त्यांच्या नळातून काळे कण येऊ लागले. कंपनीच्या माणसाने येऊन टाकी सडली म्हणून सांगितलं आणि नव्या गिझरची चित्रं दाखवली. हंसाबेन हबकल्या. आप्पांनी कपातला एक कण बोटावर घेऊन चोळला. तो काजळासारखा पसरला. "रबर शे," म्हणाले. गिझरला जोडलेल्या नळीचं आतलं रबर झडत होतं. नळी बदलली, काम संपलं. नवा गिझर विकला असता तर दुकानदाराने त्यांनाही खूश केलं असतं, पण आप्पांच्या डोक्यात तो हिशेबच शिरत नसे. खोटं निदान करायचं म्हणजे त्यांना त्या तीन कपांसमोर बसून करायला लागलं असतं, आणि ते त्यांना जमणारं नव्हतं.

हे डोळे मिलने घडवले होते. कापडाचा रंग नमुन्याशी जुळला की नाही हे बघायला रंगखात्याचा मास्तर त्यांना दाराशी उजेडात न्यायचा. "फिरोजीत हिरवा जास्ती शे," आप्पा सांगायचे, आणि शे म्हणजे असायचाच. एकदा मरून रंगाचा अख्खा लॉट विटकरी निघाला. मास्तर मालकाच्या नात्यातला. मालक ओरडत आला तेव्हा मास्तरने आप्पांकडे बोट दाखवलं. आप्पांनी सगळ्यांदेखत सांगितलं की रंगाचा पुडा मास्तरने बदलला, रिकामा पुडा अजून तिथे पडला आहे. दुपारच्या आत आप्पा गेटच्या बाहेर होते.

"पण तुमचं खरं होतं ना?" मी विचारलं.

"खरंच व्हतं. म्हनीसन तर काढं."

मी खदखदून हसलो. हा किस्सा मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगितला, तिथेही हशा पिकला. आप्पा सांगताना हसले होते का, हे मला आता आठवत नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

गुजरातेत सोसायटीच्या सेक्रेटरीला मंत्री म्हणतात. शाळेत ज्याचं पाचवीची पोरंही ऐकत नाहीत त्याला घरी येऊन मंत्री व्हायला मिळालं, तर तो काय काय करेल! मी दिवाळीआधी सगळ्या घरांचे गिझर आप्पांकडून साफ करून घ्यायचा ठराव केला. आमचं पाणी बोअरचं (महानगरपालिकेला तक्रार लिहून झाल्यावर मला हे कळलं), त्यामुळे टाकीच्या तळाशी पांढरा थर बसतो. आप्पांनी एकेक गिझर उघडून तो हाताने खरवडला. माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी आतली धातूची दांडी दाखवली. पाणी आधी हिला खातं, म्हणून टाकीचं लोखंड वाचतं. "सर, दांडी अर्धी शे. आजून एक वरीस चाली. आते कोनी हात लावानं काम नही."

दुसऱ्या दिवशी माझ्या बादलीत पांढऱ्या कपच्या आल्या. दोनच होत्या. पण दिवाळीला सासूबाई यायच्या होत्या, आणि त्यांना कपच्या फार लवकर दिसतात. मी मोबाइलवर गिझर साफ करण्याचे तीन व्हिडिओ पाहिले. रविवारी वृंदा बाजारात गेल्यावर पाने घेऊन स्टुलावर चढलो. गिझर उतरवून फरशीवर उलटा ठेवला आणि खालची प्लेट सोडवली. ती दांडी बाहेर आली, तर बारडोलीच्या रस्त्यावर पडलेल्या उसाच्या चोथ्यासारखी दिसत होती. एवढी घाण वस्तू गिझरमध्ये ठेवून आप्पा गेले याचं मला आश्चर्य वाटलं. ती मी भंगारात टाकली. लक्षात घ्या, मी दहावीला धातूंची क्रियाशीलता शिकवतो. एक धातू झिजून दुसऱ्याला कसा वाचवतो, याची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढतो, आणि मुलांना ती दोनदा काढायला लावतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर टाकी वर्षभर तरी तगली असती. पण संडासाच्या फरशीचं ॲसिड समोरच होतं. ते टाकीत ओतलं आणि चहा करायला गेलो. परत येऊन पाहिलं तर आतून फेस उसळत होता. मी खूश! मळ निघतोय म्हटलं. जो निघत होता तो मळ नव्हता. टाकीचा लेप जिथे जिथे तडकलेला होता, तिथून ॲसिड लोखंडात घुसलं होतं. मी टाकी धुतली, प्लेट बसवली, गिझर पुन्हा टांगला. वृंदा आली, नाक मुरडलं. मी म्हटलं, फिनेल टाकलंय.

नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. बादलीत पाणी तांबूस. उटण्याचे हात बुडतातच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. सासूबाईंनी तर उटण्याची तारीफ केली. "यंदा असली मिळालंय गं वृंदा, बघ पाण्याला रंग कसा उतरलाय." पाडव्यालाही आम्ही असली उटण्याच्या आनंदात न्हालो. भाऊबीजेला मात्र उटणं नव्हतं, आणि बादलीत सरळ कोरा चहा होता. सासूबाईंचा पांढरा टॉवेल भगवा झाला.

"आप्पांनी काय करून ठेवलंय हे!" वृंदा बाथरूममधून ओरडली.

माझ्या तोंडात चकली होती. ती चावून गिळायला दहा सेकंद लागले असतील. तेवढ्यात तिने बादलीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. आणि खरं सांगायचं तर ती चकली मी हळू चावली.

मग सगळ्यांनाच आपापल्या बादलीत लाल दिसू लागलं. तिसऱ्या मजल्यावर म्हणे खाज सुटली. सोसायटीचे प्रमुख जयंतीभाई, ज्यांचा स्वतःचा गिझर ठणठणीत होता, म्हणाले, "मिलवाळो माणस छे. कई कलर-बलर रही गयो हशे." मिलचा माणूस, त्याच्या अंगावरचा रंगच टाकीत राहिला असेल! त्यांनी आप्पांना बोलावून घेतलं.

आमच्या बाथरूममध्ये त्या दिवशी आप्पा, जयंतीभाई आणि मी दाटीवाटीने उभे होतो. दारात वृंदा आणि तिच्यामागे सासूबाई. आप्पांनी कप मागितले. वृंदाने कप दिले नाहीत, स्टीलचे पेले दिले. त्यांनी ते घेतले. थंड पाणी स्वच्छ. गरम पहिलं लाल, नंतरचंही लाल. मग बऱ्याच वेळाने त्यांनी स्टूल मागितलं आणि प्लेट उघडली. दांडीची रिकामी जागा पाहिली. आत बोट फिरवलं, नाकाशी धरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. प्लेटकडे बघतच विचारलं,

"दांडी कोनी काढी?"

जयंतीभाईंना अहिराणी कळत नाही. ते माझ्याकडे वळले. "सर, शुं कहे छे?"

सांगायचं एवढंच होतं, 'विचारतायत, दांडी कोणी काढली.' आणि पुढे तीन शब्द, 'मी काढली, जयंतीभाई.' मागे सासूबाई उभ्या होत्या. समोर प्रमुख. मी मंत्री, शिवाय विज्ञानाचा शिक्षक. मी माझ्या उत्तम गुजरातीत म्हणालो, "कहे छे के दांडी नथी. सर्विस वखते रही गई हशे." म्हणजे दांडी नाही म्हणतायत, साफ करताना घालायची राहिली असेल.

सुरतेत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला गुजराती माझ्यापेक्षा चांगली येते. आप्पांनी मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं. रंग बघताना पाहायचे तसं, डोळे किंचित बारीक करून. मग जयंतीभाईंना म्हणाले,

"हा. रही गई हशे."

आप्पा स्टुलावरून उतरले. नवी दांडी आणून बसवतो म्हणाले. जयंतीभाईंनी नको म्हणून सांगितलं आणि खाली जाऊन वॉचमनला ताकीद दिली, या माणसाला आता आत सोडायचं नाही. आजूबाजूच्या सोसायट्यांच्या प्रमुखांचा आपसात ग्रुप आहे. आठवड्याच्या आत आमच्या रस्त्यावरच्या एकाही बिल्डिंगमध्ये आप्पांना कुणी बोलवेना. हात कुशल असून भागत नाही, घराघरांत शिरायचं तर माणसाचं नाव चांगलं लागतं. त्यांच्याकडे तेवढंच होतं.

मी मनाशी एक छान गोष्ट रचली. आप्पांनी मला वाचवलं. घरच्यांसमोर माझी अब्रू जाऊ नये म्हणून त्या थोर माणसाने दोष पोटात घातला. ही गोष्ट मी इतक्या वेळा स्वतःला सांगितली की एकदा तर माझे डोळे भरून आले. मला वाटतं, स्वतःच्या हलकटपणावर इतक्या भक्तिभावाने रडलेला दुसरा माणूस सुरतेत नसेल.

होळीनंतर वॉचमनने सहज सांगितलं. तोही शिरपूरकडचाच. "सर, आप्पा आते बमरोलीले जास. गोदाममा पार्सलं शिवस." या वयात, मान मोडून, दिवसभर साड्यांच्या गाठोड्यांना सुतळीचे टाके. मी त्या रविवारी डिंडोलीला गेलो.

त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि आत बघून मोठ्याने सांगितलं, "सर उनात!" सर आले म्हणून त्या आवाजात आनंद होता. त्यांना काहीच माहीत नव्हतं असं मला वाटलं. पण चहा ठेवताना त्या ज्या तऱ्हेने गप्प झाल्या, त्यावरून कळलं, सगळं माहीत होतं.

"बठा सर," आप्पा म्हणाले. "च्या ल्या."

स्कूटरवर पाठ केलेलं भाषण मी सुरू केलं. "आप्पा, त्या दिवशी तुम्ही मला वाचवलंत. तुमचं मन मोठं. मी आयुष्यात..."

ते हसले. खरंच हसले.

"तुम्हले कसाले वाचाडू, सर? मी खरं बोलतू ते मन्हं कोन ऐकतं? तुम्ही सर. मी खरं बोलतू, ते खोटारडा ठरतू. आते निस्ता चुकनू, इतलंच. चुकेल मानूसले कोनी कधी तरी परत बलावस. खोटारडाले नही."

माझी थोर गोष्ट त्यांच्या घरातल्या पत्र्याच्या खुर्चीवर संपली. त्यात माझ्यावरची माया कुठेच नव्हती. मिलच्या गेटवर शिकलेला एक धडा त्यांनी माझ्या बाथरूममध्ये वापरला होता.

त्यांची बायको दारातून म्हणाली, "मंग तुम्ही लिखी द्या ना सर, त्या मोबाइलवर. ह्या परत कामले लागतीन."

"आजच लिहितो," मी म्हणालो. "खरं काय ते सगळं लिहितो."

चहाची बशी आप्पांनी माझ्याकडे सरकवली.

संध्याकाळी मी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात होतं, 'दांडी मी काढली. ॲसिड मी ओतलं.' वाचून पाहिलं. 'मी' दोनदा येत होता, भाषेच्या दृष्टीने ते बरं वाटेना. दुसऱ्या मसुद्यात 'माझ्याकडून नकळत' आलं. तिसऱ्यात 'काही गैरसमजातून'. वृंदा जेवायला हाका मारत होती. शेवटी जो मजकूर गेला तो असा: 'दगाजीआप्पा वयस्कर आणि गरजू आहेत. झाली ती चूक विसरून त्यांना आणखी एक संधी द्यावी, ही नम्र विनंती.' पुढे जोडलेले हात.

कबुली द्यायला बसलो होतो आणि उठलो तो क्षमा करून. अंगठ्यांवर अंगठे आले. जयंतीभाईंनी लिहिलं, 'सरनुं दिल बहु मोटुं छे.' वृंदासुद्धा जेवताना म्हणाली, "बरं केलंस हो. गरीब माणूस आहे." भाजी मी पुन्हा वाढून घेतली.

जयंतीभाईंनी एक अट घातली. आप्पा काम करतील तेव्हा घरातलं कुणीतरी शेजारी उभं राहील, आणि येता-जाता गेटवर त्यांचं सामान तपासून वहीत लिहिलं जाईल. मंत्री म्हणून त्या अटीवर सही माझी आहे.

हंसाबेननी दुसऱ्याच आठवड्यात त्यांना बोलावलं. ते आले त्या सकाळी मी त्यांना शेवटचं पाहिलं, कारण त्यानंतर ते आमच्या सोसायटीत पुन्हा आले नाहीत. मी स्कूटरवरून शाळेत निघालो होतो. गेटवर दांडा आडवा होता आणि वॉचमनच्या टेबलावर आप्पा आपलं सामान मांडत होते. दोन पाने, टेस्टर, टेपचं वेटोळं, कागदात बांधलेले वॉशर. वॉचमनची मान खाली होती. गावचा पोरगा, त्याला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"वॉशर पाच लिखू का, आप्पा?"

"सात शेत. नीट मोज. मंग जाताना जास्ती भरतीन."

आणि माझ्या अंगठ्याने हॉर्न वाजवला. मी वाजवला असं म्हणवत नाही, सवयीने वाजला, रोज वाजतो तसा. आप्पांनी वळून पाहिलं. मी हेल्मेटमध्ये होतो, पण त्यांनी ओळखलं. त्यांनी दोन्ही हातांनी सामान टेबलाच्या कडेला ओढलं, स्वतः भिंतीला टेकून वाट करून दिली आणि वॉचमनला म्हणाले,

"आधी दांडा उचल रे. सरले शाळाले उशीर व्हई."

दांडा वर गेला. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, वाट दिल्याबद्दल आभार मानतात तशी, आणि वेळेवर शाळेत पोहोचलो.